मयताच्या घरी पुनरुत्थानाचं काय बोलायचं

मंडळीत कुणी गेलं की आमच्या सोलापुरात आधी ग्रुपवर मेसेज येतो, माती किती वाजता, घरून निघणार की चर्चमधून, आणि तासाभरात दारात मांडव, भाड्याच्या खुर्च्या, पाण्याचे जार. आपण चपला काढून आत जातो, तिथं ती बाई बसलेली असते जिचं माणूस गेलंय, आणि आता आपल्याला काहीतरी बोलायचं असतं. पाळकसाहेबांचं वेगळं, त्यांचं ते शिक्षण झालेलं असतं, मी हे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी लिहितेय जे नुसते जाऊन बसतात आणि घाबरून तोंडाला येईल ते बोलतात.

माझ्या आत्याचा मुलगा गेला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. घर भरलेलं, आत्या भिंतीला टेकून रडत होती, मोठ्यानं, आपल्याकडं रडतात तसं, एकेक आठवण काढून. तेवढ्यात आमच्यातल्याच एका बाईनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "रडायचं नाही आता, तो देवाजवळ गेलाय, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे ना, आपण इतरांसारखं रडायचं नसतं." मन वाईट नव्हतं त्या बाईचं. पण आत्या गप्प झाली. पदरानं तोंड पुसलं आणि गप्पच झाली, आणि त्या वर्षी ईस्टरला ती चर्चला आली नाही. खूप महिन्यांनी मला म्हणाली, "मला वाटलं, मी रडले तर माझा इस्वासच न्हाई असं व्हतंय बघ."

ज्या गोष्टीनं तिला आधार द्यायचा तीच गोष्ट तिच्या तोंडावर हात ठेवायला वापरली गेली. तेव्हापासून मी हे नीट शिकायचं ठरवलं, वाचलं, विचारलं, आणि बऱ्याच घरी जाऊन बसले. त्यातून जे कळलं ते सांगते.

सगळ्यात आधी घरी बसून स्वतःला विचारा की पुनरुत्थान म्हणजे नक्की काय, कारण तीन गोष्टी आपल्या डोक्यात एकमेकांत मिसळलेल्या असतात.

एक म्हणजे पुनर्जन्म. शेजारीपाजारी विचारतातच, "म्हणजे तुमच्यातबी पुनर्जन्म असतोय काय?" शब्द सारखा वाटतो म्हणून विचारतात, त्यात राग मानण्यासारखं काही नाही, शांतपणे सांगायचं. पुनर्जन्मात जीव दुसऱ्या देहात जातो, जुनं नाव, जुना चेहरा, जुनी नाती मागं राहतात. पुनरुत्थानात तेच माणूस, त्याच नावाचं, देव एकदाच उठवतो आणि परत मरण नाही. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे वण तसेच होते, संशय घेणाऱ्या थोमा नावाच्या शिष्याला त्यानं तेच दाखवले. जे भोगलं ते पुसून कोरी पाटी झाली असं नाही.

दुसरं, लाजरसारखं जिवंत होणं. लाजर म्हणजे येशूचा मित्र, येशूनं त्याला कबरेतून बोलावलं आणि तो मेल्यावर चार दिवसांनी बाहेर आला, पण तो पुढं कधीतरी परत मेलाच असणार. योहानानं त्याच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, एक बारीक गोष्ट लिहून ठेवलीय ती मला फार आवडते. लाजर बाहेर आला तेव्हा हातपाय कापडात बांधलेले होते, येशूला सांगावं लागलं की याला मोकळं करा. आणि येशूच्या कबरेत त्याचा शिष्य पेत्र आत गेला तेव्हा कापडं तिथंच पडलेली, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला. लाजर मरणाची कापडं अंगावर घेऊन आला कारण ती त्याला परत लागणार होती. येशूला लागणार नव्हती. योहान ११ आणि २० शेजारी शेजारी ठेवून वाचा एकदा, कळेल.

तिसरं आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथंच आहे, आत्मा अमर आहे आणि शरीर काय, नुसतं कापड, टाकलं. हे आजूबाजूला रोज कानावर पडतं म्हणून आपल्याही तोंडात बसलंय, आमच्या मयतीतपण मी कितीदा ऐकलंय. पण दर रविवारी आपण विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणतो त्यात काय आहे? देहाचं पुनरुत्थान. नुसता आत्मा राहील असं त्यात नाही. मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल अथेन्सला बोलला तेव्हा मेलेल्यांचं पुनरुत्थान हा शब्द ऐकल्याबरोबर काही जण हसायला लागले, प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये आहे, कारण त्या शिकलेल्या ग्रीक लोकांतल्या बऱ्याच जणांना आत्मा वगैरे चाललं असतं, शरीराचं काय करायचं हेच त्यांना कळेना. आणि लूक सांगतो, उठलेल्या येशूनं शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. भूत वाटत होतं त्यांना, म्हणून खाऊन दाखवला. मेल्यावर आपण लगेच ख्रिस्ताजवळ असतो हे पौल फिलिप्पैकरांना लिहितोच, त्याचा आधार आहेच आपल्याला, पण तो तिथं थांबत नाही. शेवट तिथं नाही. शेवट देह उठण्यात आहे, आणि रोमकरांस ८ वाचलं तर सगळी सृष्टीच त्याची वाट बघत कण्हतेय.

आता याचा मयताच्या घराशी काय संबंध? सगळाच आहे. शरीर म्हणजे टाकायचं कापड असेल तर रडणं वेडेपणा ठरतं. पण देवाला जर ते शरीरसुद्धा परत उठवण्याइतकं मोलाचं वाटतं, तर ते हात, ज्यांनी तुम्हाला भाकरी वाढली, ते थंड पडलेले बघून रडायचं नाही तर काय करायचं. पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १ करिंथ १५:२६ मध्ये, मरणाला शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. पाहुणा किंवा मित्र म्हणत नाही, सुटका पण म्हणत नाही. आणि येशू, ज्याला माहीत होतं की थोड्या वेळात आपण लाजरला बाहेर बोलावणार, तो पण आधी रडला. योहान ११:३५, दोन शब्दांचं वचन. आत्याला हे कुणीतरी त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं.

आणि ते "इतरांसारखं रडायचं नसतं" हे ज्या वचनातून येतं ते १ थेस्सलनीकाकरांस ४:१३. नीट वाचा. ही पौलाच्या सगळ्यात जुन्या पत्रांपैकी एक, साधारण इ. स. ५० च्या आसपासची. त्या मंडळीतले काही जण वारले होते आणि मागं राहिलेल्यांना घोर लागला होता की आता त्यांचं काय. पौल म्हणतो, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका असं म्हणत नाही. एका शब्दाचा फरक, पण त्या एका शब्दावर आत्याचं वर्ष गेलं.

तर घरी गेल्यावर काय करायचं.

पहिल्या दिवशी कमी बोला. खरंच कमी. बसा, हात धरा, ती रडली तर तुम्हाला रडू येत असेल ते आवरू नका. आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण जीव गेला की दहा मिनिटांत आपण त्याला "बॉडी" म्हणायला लागतो, बॉडी किती वाजता येणार, बॉडी कुठं ठेवायची. बायको तिथंच बसलेली असते हो. येशूच्या कबरेपाशी त्याची शिष्या मग्दालीया मरीया रडत होती, समोर येशू उभा, तिला वाटलं माळी आहे. त्यानं पुनरुत्थानावर प्रवचन दिलं नाही, तिचं नाव घेतलं, आणि तिनं ओळखलं. ज्यांचा विश्वास आहे की या माणसाला एक दिवस नावानं हाक मारली जाणार, त्यांनी तरी त्याला बॉडी म्हणू नये.

काय बोलायचं नाही ते पण सांगते. "देवाला आवडला म्हणून नेला" हे नको, आईला त्यातून एवढंच ऐकू येतं की देवानं माझं पोर हिसकावलं. "देवाची इच्छा" पहिल्या दिवशी नको, मग भले तुम्ही ते मानत असाल. "निदान हाल तरी झाले नाहीत" नको. "तू अजून तरुण आहेस, दुसरं होईल" हे मूल गेलेल्या बाईला कधीच नको. आणि कुणी स्वतःचा जीव घेतला असेल, किंवा चर्चला न येणारा असेल, तर तो कुठं गेला याचा हिशोब तुम्ही मांडू नका, ना घरात ना गेटबाहेर चहा पिताना. तो न्याय आपल्याकडं दिलेला नाही. अशा घरी मी रोमकरांस ८:३८-३९ वाचते, मरण किंवा जीवन, वर्तमान किंवा भविष्य, काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही, आणि गप्प बसते.

वाचायला सांगितलं तर छोटं वाचा. १ करिंथ १५ अध्याय अठ्ठावन्न वचनांचा आहे, एकानं पूर्ण वाचला होता एप्रिलच्या उन्हात मांडवात, म्हाताऱ्या माणसांना चक्कर यायची वेळ आली. पहिल्या दिवशी घरात योहान ११:३२ ते ३६ पुरतं. कबरेपाशी १ करिंथ १५:४२ ते ४४, विनाशी पेरलं जातं ते अविनाशी उठवलं जातं. नंतर सांत्वनाच्या प्रार्थनेला लूक २४, येशू गेल्यावर अम्माऊस गावाच्या रस्त्यानं चाललेले ते दोघं शिष्य. त्यात त्यांचं एक बोलणं आहे, आम्हाला आशा होती की. होती. आता नाही. शोकातल्या माणसाचं अगदी हेच बोलणं असतं. आणि येशू त्यांना अडवत नाही, सोबत चालतो, काय झालं म्हणून विचारतो, सगळं त्यांच्याच तोंडून ऐकून घेतो, मग बोलतो. म्हणजे कसं सांत्वन करायचं याचा धडाच आहे तो, क्रमसुद्धा तोच ठेवा, आधी चाला, मग विचारा, मग ऐका, सगळ्यात शेवटी वचन.

प्रार्थना दोन मिनिटांची. प्रार्थनेत उपदेश घुसवू नका, डोळे मिटलेल्या माणसाला पळून जाता येत नाही.

कबरेपाशी आपण मूठमाती देतो. लहान मुलं घाबरतात तिथं, त्यांना मागं ठेवू नका पण आधी सांगून ठेवा. आमच्या सोलापूरच्या मुलांना पुरणं तसं परकं नसतं, शेजारच्या लिंगायत घरांमध्येही पुरतातच, पण आपल्या आजीवर माती टाकायची हे वेगळंच असतं. मुलांना मी ज्वारीवरून सांगते. पौलानं दाण्याचंच उदाहरण घेतलंय, गव्हाचा किंवा दुसरा कुठला, आणि आपल्या जिल्ह्यात दुसरा कुठला म्हणजे ज्वारी, मालदांडी, मंगळवेढ्याची तर ज्वारीचं कोठार म्हणूनच ओळख. पेरतो तो बारीक पांढरा दाणा, तो मातीत जातो आणि दिसेनासा होतो, आणि उगवतं ते माणसाच्या डोक्यावर जाणारं ताट, वर शेकडो दाण्यांचं कणीस. दाणा आणि ताट दिसायला एक आहेत का? नाहीत. पण ज्वारी पेरली की ज्वारीच येते, तूर येत नाही. आजी उठेल ती आजीच असेल, पण गुडघे दुखणारी, दम लागणारी आजी नसेल.

घरात मुलं असतील तर ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात हे करून बघा. गुरुवारी रात्री मूठभर ज्वारी भिजत घाला, पेरणीची मिळाली तर उत्तम, शुक्रवारी उपासनेहून आल्यावर कुंडीत मुलांच्या हातानं पेरा, वर माती लोटा. शनिवारी काही करायचं नाही. मूल उकरून बघायला जाणारच, त्याला सांगायचं की उकरायचं नाही, शनिवार हा वाट बघायचा दिवस आहे. रविवारी कोंब दिसला तर बरं, नाहीच दिसणार बहुतेक, दोनचार दिवस पुढं जाईल, आणि ते चांगलंच आहे असं मला वाटतं. आपणही तसेच आहोत की, ख्रिस्त उठलाय आणि आपली माणसं अजून मातीत आहेत, त्या मधल्या दिवसांत. पौल ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो ते यासाठीच, पहिलं कणीस घरात आलंय म्हणजे शेत पिकलंय, बाकीचं येणार.

कॉलेजातली मुलं वेगळं विचारतात. हे खरंच झालं का. त्यांना "प्रश्न विचारायचे नाहीत" म्हणू नका, मत्तयच्या शेवटच्या अध्यायात उठलेला प्रभू समोर उभा असताना काहींना संशय वाटला असं सरळ लिहिलंय. त्यांना १ करिंथ १५:३ ते ८ दाखवा. हे पत्र साधारण इ. स. ५५ च्या आसपासचं, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांत. उठलेल्या येशूला कुणी कुणी पाहिलं याची पौल यादीच देतो, केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेपेक्षा जास्त बंधू ज्यांतले बरेच अजून हयात आहेत, याकोब, सगळे प्रेषित, शेवटी मी. हयात आहेत म्हणजे जा, विचारा. आणि चारही शुभवर्तमानांत कबरेपाशी आधी कोण पोचलं? बाया. त्या काळात बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं, रचूनच सांगायचं असतं तर कुणी बायांना पुढं केलं नसतं. यानं सगळे प्रश्न मिटतात असं नाही, पण विचार करायला जागा मिळते. आणि पौल स्वतः म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणंही फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. तो काही मागं राखून बोलत नाही, तर आपण कशाला राखायचं.

खरं काम माती झाल्यावर सुरू होतं. चौथ्या दिवशी मांडव निघतो, पाहुणे रेल्वेनं परत जातात, आणि घरात भांड्यांचा आवाजसुद्धा येत नाही. आत्याकडं त्या दिवसांत आमच्या मंडळीतली एक म्हातारी आली, आयुष्यभर विड्या वळलेली, लिहिता-वाचता येत नाही. तिनं कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीचा डबा आणला होता, का तर कडक भाकरी टिकते, भूक लागेल तेव्हा मोडून खाता येते, कुणी चूल पेटवायला नको. मी तिथंच होते. तिनं भाकरी मोडून चटणी लावून आत्याच्या हातात दिली आणि विचारलं, "त्याला काय आवडायचं गं खायाला?" आत्या एक मिनिट बघतच राहिली. मग सांगायला लागली, शेंगापोळी, आणि ती पण गरम नको, दुसऱ्या दिवशीची पाहिजे, आणि सांगता सांगता रडायला लागली, त्या पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदा. म्हातारी मध्ये एक शब्द बोलली नाही. शेवटी उठताना म्हणाली, "उठल्यावर करून घाल की त्याला." बस एवढंच. प्रभूनं उठल्यावर तिबिर्या समुद्राच्या काठावर निखाऱ्यावर मासे भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावलं होतं, योहान २१, तिला ते कुणीतरी वाचून दाखवलं असणारच.

तसं तुम्हीही जा. चौथ्या दिवशी जा, महिन्यानं जा, त्याच्या वाढदिवसाला फोन करा. आणि कागदपत्रांना सोबत जा, याला पण मी सांत्वनच म्हणते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, महापालिकेतून दाखल्याच्या जास्तीच्या प्रती घ्या कारण बँक, विमा, रेशन कार्ड सगळीकडं लागतात, बँकेत नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलंय ते विचारा, आणि त्या बाईला एकटीला रांगेत उभं करू नका. पौलाचा तो एवढा मोठा अध्याय, तुतारी, मरणाची नांगी, सगळं होऊन शेवटी कुठं येतो माहितीये का? ५८ व्या वचनात, म्हणून कामात स्थिर राहा, प्रभूमध्ये तुमचे श्रम फुकट नाहीत. आभाळाकडं बघत बसा असं नाही. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली, एकुलती एक, आणि रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधले ते आठ-नऊ महिने त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल करायचं काम सोडलं नाही. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं, त्यांचं मुक्ती मिशन तिथंच आहे, गाडी तिथून जाते तेव्हा मला दर वेळी हेच आठवतं, की लेक गेल्यावर ती बाई सकाळी उठून परत कागदावर बसत होती.

ईस्टरला आम्ही पहाटे कबरस्थानात जातो. आदल्या दिवशी कबरी साफ करायच्या, गवत काढायचं, चुना लावायचा, हे पण तरुणांना सोबत घेऊन करा, नुसतं कामगार लावून नको. पहाटे साडेपाचला अंधारच असतो, मेणबत्त्या, फुलं, पेटी-तबला आणलेला, आणि सोलापूरचं ऊन चढायच्या आधी ती तेवढी एक गार वेळ. ज्या घरात त्या वर्षी मयत झालंय त्यांना आदल्या रात्री फोन करा आणि घ्यायला जा, ते आपणहून येत नाहीत.

दुसऱ्या वर्षी आत्याला घ्यायला मी गेले. ती तयार होऊन दारातच उभी होती, हातात पिशवी. कबरेपाशी पाळकसाहेब म्हणाले, प्रभू उठला आहे, आणि सगळे म्हणाले, खरोखर उठला आहे, आत्या पण म्हणाली, रडतच म्हणाली, कुणी तिला गप्प केलं नाही. भजनं झाल्यावर तिनं पिशवीतनं डबा काढला आणि तिथं आलेल्या सगळ्या पोरांना एकेक शेंगापोळी वाटली. आदल्या दिवशीची होती.